नापासराव गाडी बघतात

नापासरावांनी आयुष्यात एकच गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केली, ती म्हणजे त्यांची बायको. त्यानंतर ते लिफ्ट तपासणीच्या नोकरीला लागले आणि नजर बिघडली ती कायमची. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या चालवू द्यायच्या की नाही हे ठरवायचं, हे त्यांचं काम. दोर, ब्रेक, दाराची कडी, धोक्याची घंटा, सगळं बघायचं आणि शंका आली की नापास. शंका त्यांना रोज यायची. कचेरीतल्या मंडळींनी त्यांना नापासराव हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की निरोप समारंभात मोठ्या साहेबांच्या तोंडूनही तेच निघालं.

बायकोचं नेमकं उलट. तिचं केस कापायचं दुकान. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, तर आपणही ताईच म्हणू. ताईंनी गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावला की निर्णय तिथल्या तिथे. कात्री चालली की चालली, कापलेला केस काही परत चिकटवता येत नाही. अशा बाईने अशा माणसाबरोबर तीस वर्षं संसार केला, यातच तिच्या सहनशक्तीची कल्पना यावी. आणि ही गोष्ट ती सहनशक्ती संपत आली होती त्या दिवसांतली आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं एका लहानशा मोटरसायकलवर समुद्राच्या कडेने जाणारा लांबलचक रस्ता बघायला निघाले होते. अर्ध्यावर एका वळणाला गाडी वाळूत घसरली, पुढचा दिवा फुटला, ताईंचं कोपर सोलून निघालं आणि दोघं परत फिरले. उरलेला अर्धा रस्ता पुढच्या वर्षी, असं ठरलं. मग मुलगी झाली, गाडी विकली, दुकानाचं भाडं वाढलं, मुलीचं शिक्षण आलं, आणि ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही.

निवृत्त झाल्यावर नापासरावांनी जेवताना जाहीर केलं, की आता तो अर्धा रस्ता पुरा करायचा. त्यासाठी स्पोर्ट टूरिंग जातीची मोटरसायकल घ्यायची. म्हणजे पळायलाही चपळ, लांब पल्ल्याला आरामशीर, पुढे वारा अडवणारी काच आणि मागे दोन्ही अंगांना सामानाचे डबे. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी. तीही थेट मालकाकडून, दलालाकडून नाही. ताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच आठवड्यात दोन हेल्मेटं आणून ठेवली. इथेच त्यांची घाई झाली.

कारण नापासरावांनी गाड्या बघायला सुरुवात केली, आणि बघतच राहिले. एकीच्या इंजिनाचा आवाज आतून येतोय म्हणे. "आतून नाही येणार तर काय शेजारच्या घरातून येणार?" असं ताई म्हणाल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. एकीचा मालक फार हसतमुख होता, म्हणजे काहीतरी लपवतोय. एकीत तर काहीच खोट सापडेना. त्या दिवशी घरी येताना नापासराव चिंतेत होते. "सगळंच ठीक आहे म्हणजे काय? असं कधी असतं का?" दोन वर्षं हे चाललं. दर वेळी ताई पिशवीत दोन्ही हेल्मेटं घालून बसने बरोबर जायच्या, कारण गाडी पसंत पडली तर तिच्यावरूनच परत यायचं होतं. आणि दर वेळी हेल्मेटं बसनेच परत यायची.

इकडे ताईंचे गुडघे बोलायला लागले होते. आयुष्यभर खुर्चीत दुसऱ्याला बसवून स्वतः उभं राहायचं, त्याचा हिशेब शरीर कधीतरी मागतंच. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस नीट वाकतील, पुढचं सांगता येत नाही. मोटरसायकलवर मागे बसायचं तर गुडघे वाकवल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा ताईंपुढे प्रश्न सरळ होता. गाडी आधी येते, की गुडघे आधी जातात.

अशात चष्मेवाल्यांची जाहिरात आली. हे गृहस्थ चष्म्याच्या दुकानाचे मालक, शहराच्या पलीकडच्या टोकाला राहणारे. गाडी आठ वर्षांची, एकाच हातातली, फार कमी चाललेली. नापासरावांनी फोनवर इतका वेळ प्रश्न विचारले, की ताईंचं एका गिऱ्हाइकाचे केस धुऊन, कापून, वाळवूनही झालं. दुसरा कुणी असता तर फोन आपटला असता. चष्मेवाले मात्र शेवटी म्हणाले, "तुम्ही पहिलेच आहात ज्यांनी नट-बोल्टांबद्दल विचारलं. या रविवारी." हे ताईंनीही ऐकलं. एक काय कमी होता, म्हणून आता दुसरा भेटला.

रविवारी दोघं पोचले. चष्मेवाल्यांनी गॅरेजच्या दाराशीच थांबवलं आणि पायपुसणं दाखवलं. "बूट नीट पुसा. धूळ उडते." आत फक्त गाडी होती. ना जुनी कपाटं, ना रंगाचे डबे, ना मोडकी खुर्ची. मधोमध गाडी आणि तिच्यावर खास मापाने शिवलेलं, अस्तर लावलेलं आच्छादन. चष्मेवाल्यांनी ते अशा बेताने उचललं, जणू खाली झोपलेलं बाळ जागं होईल. खाली गडद निळी गाडी निघाली. ती इतकी चकचकीत होती, की ताईंना तिच्या टाकीत आपले पांढरे केस मोजता आले असते.

"चष्मा पुसायच्या कापडाने पुसतो," चष्मेवाले म्हणाले. "दुसऱ्या कापडाने ओरखडे येतात."

नापासरावांनी खिशातून टॉर्च आणि लांब दांडीचा छोटा आरसा काढला. लिफ्टखालच्या खड्ड्यात बघायचा आरसा, नोकरी सुटली तरी तो सुटला नव्हता. ते गाडीशेजारी मांडी घालून बसले. चष्मेवाले दुसऱ्या बाजूला बसले. मग जे सुरू झालं, त्याला व्यवहार म्हणायचं की दोन म्हाताऱ्यांचं प्रेमप्रकरण, हे ताईंना कळेना. एक खोट शोधणारा, दुसरा ती नाही म्हणून शपथा घेणारा. शेरास सव्वाशेर.

"इथे ऑइलचा डाग आहे का?"

"डाग नाही, सावली आहे. टॉर्च इकडून धरा."

"मग हा नट थोडा फिरलेला दिसतो."

"तो मी दर महिन्याला तपासतो ना, म्हणून."

"तपासता म्हणजे सैल होतो."

"सैल होत नाही हे तपासतो."

ताई हेल्मेटांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. एवढ्या वेळात मी चार डोकी कापली असती, असं त्यांच्या मनात आलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत झाली होती. गाडी नको, पण ही तपासणी आवरा.

तेवढ्यात नापासरावांच्या तोंडून चक्क कौतुक निघालं. ते मागच्या सीटवरून बोट फिरवत होते. "वा. याला सुरकुतीसुद्धा नाही. शिवण जशीच्या तशी. ही सीट तर कोरी आहे."

"कोरीच आहे," चष्मेवाले अभिमानाने म्हणाले. "आठ वर्षांत कुणी बसलंच नाही."

दारात त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली. चष्मेवाल्यांच्या ते लक्षात आलं नाही. नापासरावांच्या तर येणं शक्यच नव्हतं, ते आरशातून सायलेन्सरची खालची बाजू बघत होते. ताई उठल्या आणि तिच्या मागून आत गेल्या.

बैठकीची खोली कापडाने भरलेली होती. ही बाई लोकांचे पडदे शिवायची. सोफ्यावर कापडाचे गठ्ठे, जेवायच्या टेबलावर शिलाई मशीन, खुर्च्यांच्या पाठींवर अर्धे शिवलेले पडदे. बसायला जागा नाही म्हणून दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"वहिनी, गाडी देऊन टाका आम्हाला," ताई म्हणाल्या. "म्हणजे तुमचं मशीन गॅरेजमध्ये जाईल आणि माणसांना बसायला जागा होईल."

"मी तेच म्हणतेय चार वर्षं," वहिनी म्हणाल्या. "जाहिरातही मीच द्यायला लावली. पण कुणी घ्यायला आलं की यांना त्या माणसात काहीतरी दिसतं. एकाची नखं वाढलेली होती. एकाच्या बुटाला चिखल होता. तुमचे हे पहिलेच आतपर्यंत पोचले."

"आमच्या ह्यांना गाडीत दिसतं."

दोघी थोडं हसल्या. मग वहिनींनी कपाटावर बोट दाखवलं. तिथे एक हेल्मेट होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीची गाठही न सुटलेलं.

"गाडी घेतली तेव्हा माझ्यासाठी आणलं होतं. आधी म्हणाले, इंजिन जरा रुळू दे. मग पावसाळा. मग म्हणाले, तुझ्या बुटाची टाच डब्याला घासेल. मी टाच नसलेले बूट आणले. मग विचारायचंच सोडलं मी. हसू येतं आता. पण कधीकधी मेली इतकी चीड येते, की ते आच्छादन उसवून टाकावंसं वाटतं. ते पण मीच शिवलंय."

ताई त्या हेल्मेटकडे बघत राहिल्या. दोन वर्षं त्या समजत होत्या, की गाडी आली की प्रश्न सुटला. इथे गाडी होती, रस्ता होता, दोघांचे गुडघेही शाबूत होते, आणि तरी सीट कोरी. त्या तडक गॅरेजमध्ये परतल्या.

तिथे घोडं अडलेलंच होतं. "फार कमी चाललीय," नापासराव मान हलवत होते. "उभ्या गाडीचे रबर सुकतात. नको वाटतं. पण…"

"चालवून बघा," ताई म्हणाल्या.

"बघू. आधी चाकाचं बेअरिंग…"

"आधी चालवा."

"अगं, तपासल्याशिवाय चालवायची कशी?"

आणि ताईंच्या डोक्यात उजेड पडला. इतक्या गाड्या बघितल्या. एकीवरही हा माणूस बसला नव्हता. चालवून बघायची वेळ आली, की नेमकं तेव्हाच काहीतरी सापडायचं. डाग, आवाज, मालकाचं हसणं. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि आपण दोन वर्षं अंगणालाच शिव्या देत बसलो.

"अहो," त्या म्हणाल्या, या वेळी आवाज न चढवता, "तुम्हाला भीती वाटते का?"

नापासरावांनी टॉर्च बंद केला. ते मागच्या चाकाजवळ बसलेलेच होते. चष्मेवाले कधी नव्हे ते समजूतदारपणे काच पुसायला लागले.

"एकट्याने चालवायला काही वाटणार नाही," नापासराव म्हणाले. "पण तू मागे असणार. गाडी जड आहे. त्या वेळी वाळूत… तुझं रक्त थांबत नव्हतं आणि मला दवाखाना कुठे आहे ते माहीत नव्हतं. तुला आठवत नसेल."

ताईंना खरंच फारसं आठवत नव्हतं. कोपराचा वण त्यांनी कित्येक वर्षांत बघितलाही नव्हता. इकडे हा माणूस तो घेऊन जन्मभर दोर आणि ब्रेक तपासत हिंडला होता. त्यांना माया आली, पण माया यायच्या आधी संताप आला, आणि बोलला तो संतापच.

"मग हे दोन वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं? मी हेल्मेटं वाहतेय हमालासारखी. आणि घाबरायचं तुम्ही कशाला? तुमच्या हातात हँडल असतं, पायाखाली ब्रेक असतो. मागे काय असतं? ना हँडल, ना ब्रेक, नुसती तुमची पाठ दिसते. घाबरायचं तर मी घाबरायला हवं. घाबरतेच. तरी बसते की नाही? ही बघा बसले."

असं म्हणून त्यांनी हेल्मेट चढवलं आणि गाडीवर चढायला लागल्या. ते दृश्य काही फार डौलदार नव्हतं. उजवा गुडघा निम्म्यावर अडकला, त्यांनी तो हाताने उचलून पलीकडे टाकला, आणि कोऱ्या सीटवर बसकण मारली.

"अहो बाई, सीट…" चष्मेवाले पुढे सरसावले.

"बसू दे त्यांना," दारातून वहिनी म्हणाल्या.

"उतर आधी," नापासराव म्हणाले. "गाडी मोठ्या स्टँडवर आहे. मी स्टँड काढून बसल्यावर तू बसायचं असतं."

म्हणजे इतका पराक्रम करून ताईंना पुन्हा तोच गुडघा तितक्याच कष्टाने परत आणावा लागला. त्या काय पुटपुटल्या ते हेल्मेटमध्येच राहिलं. पण नापासरावांनी स्टँड काढला होता. ते बसले होते. आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तिने असा हिसका दिला, की ताईंचं हेल्मेट नापासरावांच्या हेल्मेटवर ठाणकन आपटलं. मग ती फाटकातून बाहेर पडली. नापासराव दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे चालवत होते. गल्लीतला एक कुत्रा आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. पहिल्या वळणाला ताईंनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. नवऱ्याचं पोट दगडासारखं घट्ट झालेलं त्यांना हाताला कळलं, आणि त्यांची मिठी किती आवळलीय हे त्यालाही कळलं असणार. वळण गेलं. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर नापासरावांनी पाय वर घेतले, आणि गाडी एकदम शहाण्यासारखी सरळ धावायला लागली. ताईंचे गुडघे दुखत होते. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

परत आले तेव्हा फाटकाशी वहिनी उभ्या होत्या. पायात बूट, हातात हेल्मेट. प्लास्टिकची पिशवी फाटून जमिनीवर पडली होती.

"आता मी," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण गाडी विकायला काढलीय," चष्मेवाले म्हणाले.

"अजून विकली नाही ना. बसा पुढे."

चष्मेवाल्यांनी एकदा सीटकडे बघितलं, एकदा बायकोच्या बुटांकडे. मग बसले. ते दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाले आणि ताई नि नापासराव गॅरेजमध्ये गार झालेला चहा पीत थांबले. एरवी सगळीकडे नजर फिरवणारा हा माणूस नुसता फाटकाकडे बघत होता.

"घेऊया ही," नापासराव म्हणाले.

ताई नेहमीच्या 'पण'ची वाट बघत राहिल्या. तो 'पण' काही आला नाही. तीस वर्षांत प्रथमच त्यांचं वाक्य त्याच्याशिवाय संपलं होतं.

बराच वेळ गेला. इतका, की यांनी कुठे गाडी पाडली तर नाही ना, अशी नापासरावांना काळजी वाटायला लागली. मग दोघं आले. वहिनींचे डोळे वाऱ्याने लाल झाले होते. चष्मेवाले घामाघूम होते आणि गाडीच्या पुढच्या काचेवर किडे चिकटले होते. त्यांनी ते पुसले नव्हते.

वहिनी थेट ताईंकडे आल्या आणि त्यांचा हात धरला. "रागावू नका," त्या म्हणाल्या. "गाडी नाही द्यायची आम्हाला."

"अहो, पण मशीन? पडदे? बसायला जागा?"

"उभ्याने जेवू," वहिनी म्हणाल्या.

बसथांब्यावर ताई फणफणत होत्या. हेल्मेटांची पिशवी त्यांनी बाकावर आपटली. "तेल गेलं, तूप गेलं. दोन वर्षांनी तुमच्या तोंडून घेऊया निघालं, आणि गाडीच गेली. आणि घालवली कुणी? मी. मला काय गरज होती त्या बाईसमोर बसून दाखवायची? आता पुन्हा जाहिराती बघा, पुन्हा फोन, पुन्हा तो आरसा. माझे गुडघे काय तुमची वाट बघत थांबणार आहेत?"

नापासराव ऐकत नव्हते. त्यांनी फोन काढला होता आणि कुणाला तरी लावला होता. ताईंनी कपाळावर हात मारला. आता नट, मग बेअरिंग, मग सायलेन्सर, म्हणजे दोन बस जाणार.

"जाहिरात बघितली तुमची," नापासराव फोनवर म्हणाले. "हो, तीच, पांढरी. नाही, इंजिनचं नंतर बोलू. मला आधी मागच्या सीटचं सांगा. मागे बसणाऱ्या माणसाला धरायला काही आहे का? दोन्ही बाजूंना? बरं. आणि पाय ठेवायचं कुठे आहे, फार वर नाही ना? किती खाली? थांबा, एक मिनिट."

फोन खांद्यात दाबून ते ताईंकडे वळले. खिशातून मोजपट्टी काढून ते बसथांब्याच्या फरशीवर, लोकांच्या देखत, बायकोच्या पायांशी खाली बसले.

"गुडघा वाकव," ते म्हणाले. "दुखायला लागलं की सांग, तिथे थांबू."

थांब्यावरचे सगळे बघत होते. कोपऱ्यावरून बस वळताना दिसत होती. ताईंनी बाकाची कड घट्ट धरली आणि हळूहळू गुडघा वाकवला.

"मापा लवकर," त्या म्हणाल्या. "बस गेली तर जाऊ दे, पण नीट मापा."